सोळा दिवसांची भिंत
(लेखमाला : कलेचा रोजचा संसार, लेखांक ७)

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत उज्जैनच्या राम घाटावर तर्पणाची गर्दी असते. दर्भ, काळे तीळ, अपसव्य करून बसलेले यजमान आणि त्यांना मंत्र सांगणारे तीर्थपुरोहित. क्षिप्रेच्या पायऱ्यांवर पितरांचं कार्य चालू असतं, त्याच सोळा दिवसांत शहरातल्या गल्ल्यांमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत कुमारिका भिंतीवर संजा मांडतात. घाटावर येणाऱ्या पत्रकारांचे कॅमेरे आरतीकडे आणि मंत्र्यांच्या स्नानाकडे वळलेले असतात. भिंतीकडे क्वचितच कोणी बघतं.

मागच्या लेखांकात आपण प्रदर्शनांच्या परीक्षणांबद्दल बोललो. निमंत्रण येतं, कॅटलॉग हातात पडतो, मग लिहिलं जातं. संजेला निमंत्रणपत्रिका नाही, विक्री नाही, कलावंताचं नाव नाही, आणि अमावास्येनंतर कलाकृतीही शिल्लक राहत नाही. अशा कलेवर कोणी आणि कसं लिहायचं? स्वतंत्र कलापत्रकारितेचा कस मला इथेच लागताना दिसतो.

आधी संजा नीट पाहू. भिंतीचा हातभर चौकोन शेणाने सारवतात. ओल्या शेणाच्या वळ्या करून त्या बोटांनी दाबत आकृती उठवतात आणि त्यावर पाकळ्या चिकटवतात. गुलतेवडी, झेंडू, कण्हेर, त्या दिवशी परसात किंवा कुंपणावर जे मिळेल ते. फुलं कमी पडली की चमकी कागद. आकृती तिथीप्रमाणे ठरलेली असते. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी. गावागणिक यात फरक पडतो, पण आकड्यांचा धागा बहुतेक ठिकाणी सापडतो. सात-आठ वर्षांची मुलगी पंचांग वाचायला शिकण्याआधी तिथी बोटांनी मांडायला शिकते. काल काय होतं, आज काय आहे, उद्या काय येणार, हे तिला शेणाच्या वळीतून कळतं. कला रोजचं जगणं घडवते असं आपण मोघमपणे म्हणतो, त्याचा मला माहीत असलेला हा सर्वांत स्वच्छ दाखला आहे.

शेवटच्या दिवसांत किलाकोट येतो. चौफेर तटबंदी, आणि आत सगळा संसार: चंद्र-सूर्य, शिडी, बैलगाडी, मोर, कावळा, जाडी जसोदा, पतली पेमा. इतका ऐवज एका चौकोनात बसवणं सोपं नाही. कुठली मुलगी कोटाचं दार आधी काढते आणि मग आतली जागा वाटून घेते. कुठली जसोदेपासून सुरुवात करते आणि कावळ्याला जागाच उरत नाही, मग तो तटावर जाऊन बसतो. पाकळ्या सकाळपर्यंत कोमेजतात, म्हणून गडद रंग कुठे ठेवायचा याचाही विचार होतो. याला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? एखाद्या कॅनव्हासपुढे उभं राहून आपण हेच प्रश्न विचारतो.

संध्याकाळी आरती होते, गाणी होतात आणि प्रसाद झाकून ठेवलेला असतो. तो काय आहे हे बाकीच्या मुलींनी ओळखायचं. भोंडल्याची खिरापत ओळखत वाढलेल्या किंवा खानदेश-विदर्भात भुलाबाईची गाणी म्हटलेल्या वाचकांना इथे वेगळं काही सांगायला नको. उज्जैनशी मराठी माणसांचं नातंही जुनंच आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. त्या काळापासून मराठी घरं इथे रुजत गेली आणि त्या घरांतल्या मुलीही शेजारणींबरोबर संजेला बसू लागल्या. अमावास्येला भिंतीवरचं सगळं खरवडून काढतात आणि वाजतगाजत नदीत शिरवतात. उज्जैनमध्ये ती नदी क्षिप्रा.

आता भिंती बदलल्या. सिमेंटवर ऑइलपेंट, फ्लॅटचा सामाईक जिना, शेण आणायचं कुठून हा प्रश्न. बाजारात कागदावर छापलेली तयार संजा मिळते. ती एकदा चिकटवली की पूजा करता येते, गाणीही म्हणता येतात. ज्या आईला नोकरी सांभाळून मुलीची हौस पुरवायची आहे तिने ती विकत घेतली तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या छापील संजेच्या फोटोखाली ‘परंपरा जपली’ अशी ओळ येते, तेव्हा वाचकाला अर्धीच गोष्ट कळते. गाणं राहिलं, प्रसाद राहिला, हात गेला. पंचमीला पाच आकृत्या मांडणारी बोटं आता सोळाही दिवस रिकामी आहेत, आणि जसोदा किती जाड असावी हे छापखाना ठरवतो. हा फरक ओळखून तो नेमक्या शब्दांत सांगणं हे समीक्षकाचं काम. ते उत्सवाच्या बातमीत होत नाही, कारण त्या बातमीची जागा पाहुण्यांच्या नावांनी आधीच भरलेली असते.

माळव्यात अशी नजर असलेली माणसं होऊन गेली आहेत, आणि त्यांतली बरीच मराठी होती. 1948 साली कुमार गंधर्व देवासला राहायला आले. क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना बाहेरून जाणाऱ्या बायाबापड्यांची, मागत्यांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी ती धून धून गोळा केली, त्यांचं स्वरलेखन केलं, आणि त्यांतून रागांच्या उगमाकडे जाणारी वाट शोधली. इंदूरच्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके आणि कुमारजी यांचा घरोबा होता. चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पानं, बिया, मोडक्या वस्तू यांत आकार शोधून दाखवले. संपादक, चित्रकार, नट आणि गवई रोजच्या गप्पांना एकत्र बसतात तेव्हा वर्तमानपत्रात कला ‘मनोरंजन’ या सदराखाली ढकलली जात नाही.

उज्जैनमध्ये विष्णू श्रीधर वाकणकर होते. 1957 साली रेल्वेच्या खिडकीतून त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि ते तिथे जाऊन पोचले. पुढे 2003 साली ती जागा जागतिक वारसा यादीत आली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्यांची पद्धत जास्त मोलाची वाटते. ते स्वतः चित्रकार होते; गुहेतल्या आकृत्या ते आपल्या हाताने उतरवून घेत. शिकार, नाच, मध काढणारी माणसं, असा हजारो वर्षांपूर्वीचा दिनक्रम त्यांच्या पेन्सिलीखालून गेला. रेघ स्वतः ओढून पाहिली की मूळ हात कुठे थांबला, कुठे वळला, ते कळतं. फोटो काढणाऱ्याला हे कळेलच असं नाही.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे येऊ. केशवराव भोळे यांनी गायकांवर ‘एकलव्य’ या टोपणनावाने लिहिलं. मैफलीच्या वर्तुळात राहूनही निर्भीडपणे लिहायचं तर ती सोय उपयोगी पडत असणार. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ हे नियतकालिक दृश्यकलेसाठी मोठ्या जिद्दीने चालवलं. गॅलरीची जाहिरात, सरकारी महोत्सवाचा प्रवासखर्च, कलावंताची मैत्री, यांपैकी प्रत्येक गोष्ट लेखणीला थोडी थोडी वाकवते. संजेबाबत यांतलं काहीच नाही. तिच्यावर लिहिल्याने कोणी खूश होणार नाही की नाराज होणार नाही. पण त्याच कारणाने त्या लेखनाचे पैसेही कोणी देत नाही. स्वतंत्र लेखनाची खरी अडचण ही आहे: दडपण नसतं तिथे मानधनही नसतं. लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे विचारल्याशिवाय स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत. वर्गणीदारांच्या जोरावर चालणारी नियतकालिकं मराठीत होती, आजही काही आहेत. आपण वाचकांनी त्यांची वर्गणी भरली तर कोणीतरी पितृपक्षात उज्जैनची गल्ली फिरू शकेल.

फिरायचं कसं, तेही सांगतो. पौर्णिमेला जा, अष्टमीला जा आणि अमावास्येला तर चुकवू नका. एकाच दिवसाच्या दर्शनाने संजा कळत नाही. संध्याकाळच्या आरतीआधी दोन तास पोचा, कारण मांडणं पाहायचं आहे, मांडलेलं नाही. मुलींना विचारा: हे कोणी शिकवलं, आज काय बदललं, हे फूल कुठून आणलं. वहीत आकृती स्वतः काढा. छापील संजा लावलेल्या घरीही जा आणि तिथल्या मुलीला एक कोरा कागद द्या, ती किलाकोट आठवून काढते का ते बघा. काढला तर तेही लिहा, नाही काढला तर तेही. मुलींची नावं छापण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या.

पुढच्या आठवड्यात राम घाटावरून नदीच्या वाहत्या दिशेने भैरवगढला जाऊ. तिथले छिपा कारागीर कापडावर मेण लावतात, मेणाला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग आत शिरतो. उज्जैनच्या या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर ठोकळ्यांचं, रंगाच्या कढयांचं आणि मजुरीचं काय झालं, ते तिथेच बसून समजून घेऊ.