पहिला तास शाळेचाच

28 ऑगस्ट 2017 रोजी नगर शहराजवळच्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचं छत कोसळलं. बाहेर पाऊस सुरू होता आणि मुलं आत बसलेली होती. तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. निंबोडी पर्जन्यछायेतलं गाव आहे. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा भंडारदऱ्याच्या पाणलोटात, घाटघर-रतनवाडीकडे, जुलैच्या काही दिवसांतच पडून जातो. म्हणून शाळेच्या सुरक्षिततेचा प्रश्न या जिल्ह्यात सगळ्यांत आधी अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला विचारायला हवा. त्यात इथल्या बऱ्याच शाळा निवासी आश्रमशाळा आहेत, म्हणजे मूल रात्रीही शाळेच्याच ताब्यात असतं. तरी सुरक्षेच्या आपल्या कल्पना मात्र दिवसाच्या, शहरातल्या शाळेवरून घेतलेल्या आहेत. त्यांतल्या काही थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

“इमारतीची तपासणी झालीय, आता चिंता नाही”

तपासणीचा दाखला त्या दिवसापुरता खरा असतो. छतातून पाणी झिरपायला लागलं की आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतीच्या काँक्रीटला आतून ढकलतं. आधी सळईच्या रेषेत तडा दिसतो, मग पोपडे पडतात, मग सळई उघडी पडते. हे सगळं घडायला काही पावसाळे जातात आणि ते वर्गात रोज बसणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. अभियंता वर्षातून एखादवेळी येईल, पण मुलं आणि शिक्षक रोज त्याच छताखाली असतात. तडा दिसला त्या दिवशी फोटो काढून तारखेसह गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं आणि वर्ग लगेच दुसरीकडे हलवणं, एवढं शाळेच्या हातात आहे. खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतो. त्या काळात खोलीला कुलूप लावायला मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नये. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात शाळेचं छत पडून सात मुलं गेली. तोही पावसाळाच होता.

“साप चावला तर कळेलच की”

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या भागात याहून घातक गैरसमज दुसरा नसेल.

नाग किंवा घोणस चावली की वेदना आणि सूज यांवरून बहुतेकदा कळतं. मण्यारीचं तसं नाही. मण्यार रात्री फिरते आणि उंदरांच्या, पालींच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा अनेकदा तो जागाही होत नाही. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून उठतं, कधी उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अधीक्षकांना सापाची शंकाच आली नाही तर पित्ताची गोळी देऊन मुलाला पुन्हा झोपवलं जातं आणि हातातले तास निघून जातात.

म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या खाली येत असतील, तर मण्यारीचा दंश समजूनच दवाखान्याकडे निघायचं. खूण शोधत बसायचं नाही. ही ओळ आश्रमशाळेच्या प्रत्येक अधीक्षकाला पाठ असायला हवी.

याच्याभोवती आणखी काही समजुती आहेत. चावलेल्या जागेच्या वर दोरी आवळून बांधली की विष थांबतं, ही त्यांतली सगळ्यांत पक्की. प्रत्यक्षात त्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि फुरसं किंवा घोणस असेल तर नुकसान वाढतं. जखम कापणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं, यांचाही उपयोग नाही. चावलेला अवयव मोडलेल्या हाडाला देतात तसा फळीचा आधार देऊन स्थिर ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, आणि निघायचं. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध, ज्याला सगळे सापाची लस म्हणतात, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं. साप शोधण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. भगताकडे नेणाऱ्या पालकांना दोष देऊन काही साधत नाही. अनेक दंशांत विष उतरलेलंच नसतं, ती मुलं बरी होतात आणि श्रेय मंत्राला मिळतं. हे पालकसभेत समजावून सांगितलं तर लोक ऐकतात, असा माझा विश्वास आहे.

उपाय महागडा नाही. पलंग असावा, आणि पलंग असो वा नसो, मच्छरदाणी असावी व तिची कड अंथरुणाखाली नीट खोचलेली असावी. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. धान्याची कोठी झोपण्याच्या खोलीपासून लांब ठेवावी, कारण धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर दिवा असावा. केंद्र सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. आश्रमशाळांच्या झोपण्याच्या खोल्यांपासून सुरुवात केली तर ते उद्दिष्ट नुसतं कागदावर राहणार नाही.

“धरण एवढं जवळ, म्हणजे धोका धरणाचाच”

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, उंची सुमारे 82 मीटर, साठा सुमारे 11 टीएमसी. ते भरून वाहू लागलं की बातमी होते आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे लागतं. पण सोडलेलं पाणी रंध्याकडे, निळवंड्याकडे आणि पुढे अकोले-संगमनेरकडे उतरतं. नदीकाठच्या त्या खालच्या शाळांनी विसर्गाचा इशारा आपल्यापर्यंत कसा पोचतो हे विचारून घ्यायलाच हवं. धरण सुरक्षा कायदा 2021 नुसार मोठ्या धरणांना आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. रतनवाडी, घाटघर, साम्रद ही गावं मात्र धरणाच्या वरच्या अंगाला आहेत. तिथल्या मुलांना खरा धोका शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याचा आणि पाठीमागच्या डोंगरउताराचा. गुडघाभर पण वेगाचं पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलतं. म्हणून ओढा चढला असेल तर मुलांना शाळेतच थांबवायचं, हा निर्णय मुख्याध्यापकांनी घेतला तर त्यांना कोणी जाब विचारू नये.

डोंगराबद्दलचा समज असा की तो न सांगता येतो. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी सकाळी दरडीखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी 19 जुलै 2023 रोजी रात्री तशीच गेली. दोन्ही सह्याद्रीच्याच उतारावर, आणि दोन्ही जुलैच्या संततधारेत. अशा उतारावर बऱ्याचदा आधी खुणा दिसतात. जमिनीला नव्या भेगा पडतात, नसलेल्या ठिकाणी झरा फुटतो, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा आटतं, झाडं आणि विजेचे खांब कलतात. माळीण सकाळची आणि इर्शाळवाडी रात्रीची. त्या वेळी दिवसाची शाळा रिकामी असते, आश्रमशाळा भरलेली असते. जुलैमध्ये रोज संध्याकाळी शाळेमागच्या उतारावर नजर टाकून येणं हे कोणाचं काम, हे नावानिशी ठरलेलं असावं.

विजेबद्दल थोडक्यात. मोबाइल वीज ओढून घेत नाही, आणि रबरी चप्पल वाचवत नाही. झाडाखाली थांबणं मात्र खरोखर घातक आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावून, श्वास बंद असेल तर छातीवर दाब देणं हाच त्याला वाचवण्याचा मार्ग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. मे-जून आणि परतीच्या पावसात दुपारनंतर, म्हणजे शाळा सुटायच्या सुमारास, ते कोणीतरी पाहायला हवं.

बिबट्याबद्दलही असंच. पकडून लांब सोडला की प्रश्न मिटला, असं वाटतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या शेतशिवारात केलेल्या अभ्यासात माणसांच्या वस्तीलगत बिबटे मोठ्या संख्येने राहतात हे दिसलं. जुन्नरच्या अनुभवावरून हेही पुढे आलं की पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर हल्ले वाढले. मुलांनी अंधार पडण्याआधी, घोळक्याने आणि मोठ्याने बोलत घरी जाणं हे पिंजऱ्यापेक्षा जास्त कामाचं.

“आमच्याकडे आराखडा आहे”

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हापासून आराखड्याची फाइल बहुतेक शाळांत सापडते. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेतही ती होती. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर शिक्षक आणि मुलं पटांगणात जवळपास 50 मिनिटं थांबली, कारण नेमकं कुठे जायचं ते कागदावर ठरलेलं नव्हतं. मोकळी जागा, बाग, असं मोघम लिहिलेलं होतं. शाळेमागेच टेकडी होती. 74 मुलं आणि 10 शिक्षक त्सुनामीत गेले. त्याच दिवशी कामाइशी शहरात सराव झालेली मुलं स्वतः पळत सुटली, धाकट्यांना हाताला धरून वर नेलं आणि वाचली. दोन्हीकडे भूकंप तोच होता, फरक सरावाचा आणि नेमकेपणाचा.

आपल्याकडे सराव म्हणजे घंटा वाजवून मुलांना पटांगणात उभं करणं आणि फोटो काढणं. भंडारदऱ्याचा सराव पावसात, वीज गेलेली असताना, रात्री आठ वाजता व्हायला हवा. मुलं घाबरतील ही भीती खोटी आहे. काय करायचं हे ठाऊक नसलेलं मूल जास्त घाबरतं.

“कॅमेरे लावले की मुलं सुरक्षित”

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर शाळांत सीसीटीव्हीचा आग्रह वाढला. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, तेही वीज असेल तर. लैंगिक अत्याचाराची शंका आली की आधी शाळेने चौकशी करायची, खात्री झाली तरच पोलिसांत जायचं, हा समज कायद्याच्या उलट आहे. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार माहिती मिळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मुलींच्या खोलीत, त्यांना वाचता येईल अशा उंचीवर लिहिलेला असावा, आणि फोन करायला त्यांना परवानगी मागावी लागू नये.

“काही झालं तर जिल्ह्याहून मदत येईल”

नगर शहर इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मदत येते, पण पहिल्या तासात शाळेला स्वतःच उभं राहावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळा शिक्षण विभागाकडे आणि आश्रमशाळा राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे, त्यामुळे एकाच गावातल्या दोन शाळांना वेगवेगळ्या कार्यालयांतून आदेश येतात. आणखी एक अडचण कमी बोलली जाते. भंडारदऱ्याच्या उत्तरेला बारी ओलांडली की नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका आणि घाटघरच्या कड्याखाली ठाण्याचा शहापूर. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा सीमेवर संपतो, पण आजारी मुलाला सीमेचं काही देणंघेणं नसतं. काही वाड्यांना राजूरपेक्षा घोटीची वाट सोयीची पडू शकते. कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे, श्वास देणारं यंत्र कुठे आहे आणि रात्री डॉक्टर कुठे असतात, हे तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी मिळून एका कागदावर आणायला हवं, आणि तो कागद दर जूनमध्ये नवा करायला हवा.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्या बैठकीत 108 रुग्णवाहिका येईपर्यंत रात्री कोणाची गाडी निघेल, तिचा चालक कोण, तो गावाला गेला तर दुसरा कोण, आणि रेंज नसेल तर फोन करायला कोणत्या चढावर जायचं, हे नावांसह लिहून अधीक्षकांच्या दारावर लावावं.