नैसर्गिक वायूचे मापन : एक जबाबदारीचा तांत्रिक व्यवसाय

पायलीने धान्य आणि शेराने दूध मोजून घेण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मापाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. माप भरताना दुकानदाराने हात सैल सोडला की आखडता घेतला, हे गिऱ्हाइकाला समोर दिसत असे. परंतु जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही, दाबली असता आक्रसते आणि तापली असता फुगते, ती मोजावयाची कशी? नैसर्गिक वायू ही अशीच वस्तू आहे. ती अचूक मोजून देणाऱ्या व घेणाऱ्या तंत्रज्ञांचा एक स्वतंत्र व्यवसाय आज उभा राहिला आहे. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अनेक मुलामुलींना व त्यांच्या पालकांना या व्यवसायाची फारशी माहिती नसते. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यामार्फत ती त्यांच्यापर्यंत पोहोचावी, हा या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्र आणि वायू

महाराष्ट्राला वायूची ओळख नवी नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे लागले. तो वायू दगडी कोळशापासून तयार केलेला होता. भूगर्भातील नैसर्गिक वायूचे पर्व मात्र १९७४ साली अरबी समुद्रात मुंबई हाय क्षेत्राचा शोध लागल्यानंतर सुरू झाले. समुद्रतळावरून टाकलेल्या नळांतून वायू उरणच्या किनाऱ्यावर आला. पुढे वीजनिर्मितीसाठी आणि थळसारख्या ठिकाणी खतनिर्मितीसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. वायूच्या वाहतुकीसाठी गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९८४ साली स्थापन झाली. मुंबईत घरोघरी नळाने वायू पुरविण्यासाठी १९९५ साली स्वतंत्र कंपनी निघाली. द्रवरूप वायू जहाजाने आणून त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करणारी केंद्रे गुजरातमध्ये दहेज येथे २००४ साली आणि आपल्याकडे दाभोळ येथे २०१३ साली कार्यान्वित झाली. २००६ च्या कायद्यान्वये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाल्यावर शहरी वायुवितरणाचे जाळे अनेक जिल्ह्यांत पसरू लागले.

या साखळीत वायू अनेकदा हात बदलतो. उत्पादकाकडून तो वाहतूकदाराकडे, तेथून वितरकाकडे आणि वितरकाकडून कारखान्याकडे, वाहनाच्या टाकीत किंवा घरातील शेगडीपर्यंत जातो. प्रत्येक ठिकाणी एक मीटर असतो आणि त्या मीटरवरील आकड्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास असावा लागतो. हा विश्वास सांभाळणे हेच वायुमापन तंत्रज्ञाचे काम होय.

मोजण्याची रीत

घरगुती मीटरच्या पोटात पडद्यांचे कप्पे असतात. ते आळीपाळीने भरतात व रिकामे होतात. लोहाराचा भाता जसा हवा घेतो आणि सोडतो, तसाच हा प्रकार आहे. किती वेळा भाता भरला, हे चाकांची साखळी मोजते. मोठ्या ग्राहकांकडे टर्बाइन मीटर असतो. त्यातील पाते वाऱ्यावरच्या भिरभिऱ्याप्रमाणे फिरते व फेऱ्यांवरून वायूचे आकारमान कळते. श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणारे मीटर त्याहून आधुनिक आहेत. खाडीत भरतीच्या ओढीबरोबर होडी लवकर जाते आणि ओढीविरुद्ध तिला वेळ लागतो, हे कोकणातील कोणीही सांगेल. ध्वनिलहरीचेही असेच होते. प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाण्यास तिला लागणाऱ्या वेळांतील फरकावरून वायूचा वेग काढला जातो.

जुनी व आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली पद्धत म्हणजे ओरिफिस पट्टिका. नळाच्या आत आडवी बसविलेली ही पोलादी चकती असून तिच्या मध्यभागी काटेकोर मापाचे गोल छिद्र असते. वायू या छिद्रातून जाताना चकतीच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे फरक चौपट झाला, तर प्रवाह दुप्पट झाला असे समजावयाचे.

परंतु मीटरवरचा आकडा म्हणजे अंतिम माप नव्हे. त्याला दाबाची व तापमानाची जोड द्यावी लागते. शालेय विज्ञानातील बॉईल व चार्ल्स यांचे नियम येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरतात. एक उदाहरण घेऊ. एखाद्या कारखान्याच्या मीटरने १,००० घनमीटर वायू दाखविला. नळातील दाब वातावरणापेक्षा ४ बार अधिक आणि तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे. प्रमाण स्थिती म्हणून १.०१३२५ बार दाब व १५ अंश सेल्सिअस तापमान धरले जाते. वातावरणाचा दाब मिळवून नळातील एकूण दाब ५.०१३२५ बार होतो. तापमानात २७३.१५ मिळविल्यास निरपेक्ष तापमान अनुक्रमे ३०८.१५ व २८८.१५ येते. दाबांचे गुणोत्तर सुमारे ४.९४८ आणि तापमानांचे ०.९३५. त्यावरून प्रमाण स्थितीतील वायू सुमारे ४,६२७ घनमीटर भरतो. म्हणजे मीटरवर एक हजार आणि हिशेबात साडेचार हजारांहून अधिक! उच्च दाबाखाली वायू या साध्या नियमांपासून थोडा ढळतो, म्हणून संकोच्यतेची आणखी एक दुरुस्ती करावी लागते.

आता याच उदाहरणात तापमापी केवळ ३ अंशांनी अधिक तापमान दाखवीत आहे असे समजा. हिशेबातील वायू ४,५८२ घनमीटरांवर येतो. म्हणजे जवळजवळ एक टक्का घट. रोज एक लाख घनमीटर वायू घेणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत हा एक टक्का म्हणजे दररोज एक हजार आणि वर्षाला ३,६५,००० घनमीटर होतात. कोणी चोरी केलेली नसते, नळ कोठे गळत नसतो, तरी एवढ्या वायूचा हिशेब चुकतो.

आकारमानाबरोबर वायूची उष्णता देण्याची क्षमताही पाहिली जाते. कारण ग्राहक वस्तुतः उष्णता विकत घेत असतो. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्राने मिथेन, इथेन, कार्बन डायऑक्साइड इत्यादी घटकांचे प्रमाण काढण्यात येते. हे यंत्र बरोबर चालते किंवा नाही, हे ज्ञात घटकांच्या प्रमाणित वायूने वेळोवेळी तपासावे लागते.

तंत्रज्ञाचा दिवस

दाबमापी, तापमापी व मीटर यांचे अंशशोधन, म्हणजेच प्रमाणित उपकरणाशी तुलना करून त्यातील चूक शोधणे, हा या कामाचा गाभा आहे. ओरिफिस पट्टिका बाहेर काढून तिच्या छिद्राची कड तीक्ष्ण आहे किंवा बोथट झाली आहे, तिच्यावर तेल वा मळ साचला आहे काय, हे पाहिले जाते. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासली जाते. प्रत्येक तपासणीची नोंद करून तिच्यावर दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या जातात. मोठ्या प्रवाहमापकांच्या चाचणीसाठी केरळातील पालक्काड येथे फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट ही राष्ट्रीय पातळीवरील संस्था आहे.

या लेखाच्या निमित्ताने एका अनुभवी तंत्रज्ञाशी बोलण्याचा योग आला. तो एका कारखान्यात, म्हणजे वायू विकत घेणाऱ्या पक्षाकडे, नोकरीस होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याच्या लक्षात आले की, उत्पादन पूर्वीइतकेच असताना वायूचा वापर एकाएकी घटलेला दिसत आहे. भट्टीची कार्यक्षमता सुधारली म्हणून वरिष्ठ समाधानात होते. त्याने मात्र जुन्या नोंदी काढल्या. ज्या दिवशी ओरिफिस पट्टिका साफ करून परत बसविली, त्याच दिवसापासून वापर घटला होता. त्याने लेखी टिपण ठेवले. दोन्ही पक्षांच्या समक्ष नळ उघडला, तेव्हा पट्टिका उलटी बसलेली आढळली. तीक्ष्ण कड वायू येण्याच्या बाजूला हवी, ती विरुद्ध बाजूस गेली होती. अशा वेळी दाबातील फरक कमी पडतो व मीटर कमी वायू दाखवितो. हिशेब नव्याने झाला आणि कारखान्याला फरकाची रक्कम भरावी लागली.

"आठवडाभर माझ्याशी कोणी धड बोलले नाही," तो म्हणाला. "परंतु त्यानंतर कोणताही वाद निघाला की, समोरचा पक्षही आधी मलाच बोलवा म्हणू लागला."

या व्यवसायाचे मर्म या दोन वाक्यांत आले आहे. तंत्रज्ञ पगार एका पक्षाचा घेतो, परंतु माप दोघांचे सांभाळतो.

प्रवेशाचा मार्ग

या क्षेत्राकडे जाणाऱ्या दोन वाटा प्रमुख आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम करता येतो. त्यासाठी दहावीस गणित व विज्ञान हे विषय असणे आवश्यक आहे. दुसरी वाट तंत्रनिकेतनातील उपकरणशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदविकेची. या दोन्हींनंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली तेल, वायू, खत वा रसायन उद्योगात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. ही उमेदवारी टाळून पुढे जाण्याचा मोह धरू नये. पुस्तकातील मीटर नेहमी स्वच्छ असतो. प्रत्यक्षातला पावसात भिजलेला, गंजलेला आणि अडचणीच्या जागी बसविलेला असतो.

गणितातील गुणोत्तर-प्रमाण, वर्गमूळ व टक्केवारी पक्की हवी. इंग्रजीतील सूचनापुस्तिका वाचता यावी आणि संगणकावर नोंदी करता याव्यात. रंगांची ओळख व श्रवणशक्ती चांगली असावी. मुलींनी हे काम आपले नव्हे असे मानण्याचे कारण नाही, कारण येथे बळापेक्षा हाताचा नेमकेपणा अधिक लागतो.

या कामातील उणिवाही पालकांना सांगितल्या पाहिजेत. आरंभीची नोकरी पुष्कळदा कंत्राटदारामार्फत मिळते. पाळीचे काम, गावाबाहेरची केंद्रे आणि अवेळी येणारी बोलावणी यांची तयारी ठेवावी लागते. नेमणुकीचे लेखी पत्र, भविष्य निर्वाह निधी व विमा यांविषयी प्रारंभीच विचारून घ्यावे. हमखास नोकरीचे आमिष दाखवून भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे व संस्थेची मान्यता संबंधित शासकीय संचालनालयाकडून तपासून घ्यावी.

सुरक्षितता प्रथम

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हवेत त्याचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने तो पेट घेतो. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. त्यामुळे बंद खोलीत छताजवळचे झरोके मोकळे असणे महत्त्वाचे ठरते. कामाचा लेखी परवाना घेतल्याशिवाय नळ उघडू नये, ठिणगी न पाडणारी साधने वापरावी आणि साधा भ्रमणध्वनी केंद्रात नेऊ नये, हे नियम नव्या तंत्रज्ञाच्या पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडले जातात.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

वायूचे नळ अनेक गावांच्या शिवारांतून जातात. १९६२ च्या कायद्यानुसार अशा जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, केवळ वापराचा हक्क संपादन केला जातो. त्या पट्ट्यात पिके घेता येतात. परंतु इमारत बांधणे, विहीर वा तळे खोदणे व झाडे लावणे यांस मनाई असते. खुणेचे दगड व फलक जागेवर आहेत किंवा नाहीत, जेसीबीने खोदाई करण्यापूर्वी कंपनीस कळविले आहे काय, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष दिल्यास मोठे अपघात टळतील.

ज्या शिवारातून नळ गेला, त्या शिवारातील मुलाला त्या नळावर पहारेकऱ्याचे काम मिळते, पण मीटरजवळचा माणूस दुरून येतो, हे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. ते बदलणे अशक्य नाही. पंचायतीने गावातील दहावी उत्तीर्ण मुलामुलींची यादी करून त्यांना जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची प्रवेशाची मुदत वेळेवर कळवावी. विज्ञान शिक्षकांनी वर दिलेले उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे व तापमान बदलून उत्तर किती बदलते, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. बॉईलचा नियम परीक्षेनंतरही उपयोगी पडतो आणि त्यावर एखाद्याचा चरितार्थ उभा राहू शकतो, हे त्या एका तासात मुलांना उमजेल.

जुन्या बाजारात माप भरणाऱ्याचा हात खरा असेल, तर गावोगावची गिऱ्हाइके त्याच्याकडे येत. वस्तू बदलली, मापे बदलली आणि यंत्रे आली. तरी यंत्र खरे बोलते आहे की नाही, हे पाहण्यास शेवटी खऱ्या हाताचा माणूसच लागतो. असे हात आपल्या गावांतून घडावेत, यासाठी शाळा व पंचायत यांनी पहिले पाऊल उचलावे.