बर्ड फ्लूची लस आणि आपली सावधगिरी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापूरवर तेच संकट पुन्हा आले. राणीखेतची लस नेमाने देणारे पोल्ट्रीवाले साहजिकच विचारतात, मग बर्ड फ्लूची लस का नाही?

लस आहे. लसीसाठी विषाणू फलित अंड्यात वाढवतात. पण एच५एन१ हा विषाणू अंड्यातील जीवच मारतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या जनुकातील घातक भाग काढून त्याला सौम्य करतात, अंड्यात वाढवतात, मग निष्क्रिय करून तेलात मिसळतात. ही लस टोचावी लागते.

चीनने सप्टेंबर २०१७ पासून एच५ आणि एच७ या दोन्ही प्रकारांवरची लस देशभर कोंबड्यांना दिली. त्याआधीच्या एका हंगामात एच७एन९ ची लागण सातशेहून अधिक माणसांना झाली होती. नंतर ती अगदी तुरळक उरली. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस सुरू केली.

पण लस घेतलेली कोंबडी आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकते. शिवाय विषाणू रूप बदलतो, तशी लसही बदलावी लागते. म्हणून लसीबरोबर सतत तपासणी हवी. ती ढिली पडली तर रोग लपून राहतो. भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेने एच९एन२ या सौम्य प्रकारावर लस तयार केली. एच५एन१ बाबत मात्र भारताचे धोरण बाधित कोंबड्या नष्ट करून मालकाला भरपाई देण्याचे राहिले आहे.

म्हणून घरातली सावधगिरी महत्त्वाची. परसातील कोंबडी मान टाकू लागली की 'मुर्दार होण्याआधी सुरी फिरवा' अशी घाई होते. जिबहने कोंबडी हलाल होईल, विषाणू मात्र मरत नाही. आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना अनेक देशांत माणसांना लागण झाली आहे. कुरआनने हलालसोबत तय्यब, म्हणजे स्वच्छ व निर्मळ अन्नही सांगितले आहे. अशा कोंबडीला हात न लावता, मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. निरोगी कोंबडीचे नीट शिजलेले मटण आणि पूर्ण उकडलेली अंडी बिनधास्त खावीत. सत्तर अंशांवर हा विषाणू टिकत नाही.