गिळली का गोळी?

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी घरात एक नियम केला. जेवायला बसल्यावर जंतांचा विषय काढायचा नाही. नवरा परजीवींवर संशोधन करतो. त्याच्या फोनमध्ये आमच्या मुलाचे फोटो आणि पट्टकृमींचे फोटो शेजारीशेजारी असतात. आजीला नातवाचे फोटो दाखवताना बोट जरा पुढे सरकलं, की पलीकडून "अगं बाई!" ऐकू येतं.

अशा माणसांच्या मेळाव्यात आपण कधी उभ्या राहू असं मला वाटलं नव्हतं. ब्रिटिश सोसायटी फॉर पॅरासिटॉलॉजी ही संस्था १९६२ सालची. तिची मोठी सभा वसंत ऋतूत भरते आणि गावं बदलत फिरते. काही वर्षांपूर्वी ती एडिंबऱ्यात होती. नवऱ्याने सभेला जायचं आणि मी व मुलाने किल्ला बघायचा, असा आमचा बेत होता.

निघायच्या आठवड्यात तो मोडला. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणारी एक मुलगी या सभेला येणार होती. शाळकरी मुलांच्या पोटातले जंत हा तिचा विषय. तिचा निबंध-सारांश स्वीकारला गेला होता, फी भरून झाली होती, तिकिटासाठी मामांकडून उसने पैसेही घेतले होते. व्हिसा मात्र वेळेत आला नाही. तिने पोस्टरची फाइल नवऱ्याला पाठवली आणि लिहिलं, "सर, निदान भिंतीवर तरी लावाल का?"

पोस्टर लावणं सोपं होतं. पण त्याच्यासमोर उभं कोण राहणार? त्याच वेळी नवऱ्याचं भाषण होतं. तो म्हणाला, "तू राहतेस का? शाळांबद्दलच आहे. मास्तरीण तर तू आहेस." संयोजकांनी तिची भरलेली फी वाया न घालवता ती जागा मला दिली आणि माझ्या नावाचा बिल्ला करून दिला.

या सभांचा कारभार बाहेरच्यांना ठाऊक नसतो म्हणून थोडं सांगते. भाषणं दहा-बारा मिनिटांची. वेळ संपत आली की अध्यक्ष उठून उभे राहतात, आणि मग कितीही मोठा प्राध्यापक असला तरी शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेतल्या मुलासारखा भरभर बोलायला लागतो. नंतर दोन-तीन प्रश्न. पण खरी सभा भरते ती पोस्टरच्या दालनात. आडव्या-उभ्या फळ्यांवर माणसाच्या छातीएवढे कागद, प्रत्येकासमोर एक ताटकळलेला विद्यार्थी, आणि हातात चहाचा कप घेऊन फिरणारी मंडळी. मोठी पंगत उठल्यावर अंगणात गप्पा रंगतात ना, तसं. फरक इतकाच, की इथे कोणी "छान झालं हं" म्हणून पुढे जात नाही. "हे कशावरून?" हाच तिथला नमस्कार.

आदल्या रात्री त्या मुलीने मला फोनवर दोन तास शिकवलं. काटो-काट्झ पद्धत म्हणजे काय, तर शौचाचा नमुना जाळीतून गाळून, छोट्या भोकाच्या साच्यात भरून काचपट्टीवर घ्यायचा. तो भरतो ४१.७ मिलिग्रॅम. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली अंडी मोजून २४ ने गुणलं, की एका ग्रॅममध्ये किती अंडी ते कळतं. अंकुशकृमीची अंडी ग्लिसरीनमुळे तासाभरात दिसेनाशी होतात, म्हणून ती लगेच मोजावी लागतात. "म्हणजे ताई, गावात नमुना घेतला आणि लॅबमध्ये उद्या बघू म्हटलं, तर अंकुशकृमी नाहीतच असं उत्तर येतं." जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात मातीतून येणारे हे जंत असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, बीएडच्या पाठाच्या टाचणासारखं.

झोपण्यापूर्वी नवऱ्याने मला एक गोष्ट सांगितली, धीर द्यायला. जुलै १८९८ मध्ये याच एडिंबऱ्यात ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची सभा भरली होती. हिवतापाचा परजीवी डासांमार्फत एका पक्ष्यातून दुसऱ्यात जातो, हे रोनाल्ड रॉस यांनी नुकतंच कलकत्त्यात सिद्ध केलं होतं. पण रॉस भारतातच होते. त्यांचं काम सभेपुढे मांडलं ते पॅट्रिक मॅन्सन यांनी. "म्हणजे उद्या तू मॅन्सन," नवरा म्हणाला. आणि रॉस यांच्यासाठी डास पकडणारा त्यांचा मदतनीस मोहम्मद बक्श? तो तर त्या सभेपासून आणखीच लांब. मला रात्रभर तो बक्शच आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसावी की नाही यात पंधरा मिनिटं घालवली. (नेसले नाही. वारा फार होता.) मुलगा पोस्टरखाली पालथा पडून रंगवत बसला. पहिले दोघे-तिघे सौजन्याने वाचून गेले. एकाने २४ ने गुणण्याबद्दल विचारलं, ते मी घडाघडा सांगितलं आणि मनातून खूश झाले. मग पांढऱ्या केसांच्या, पाठीवर पिशवी अडकवलेल्या एक बाई आल्या. त्यांनी पूर्ण पोस्टर सावकाश वाचलं आणि शेवटच्या तक्त्यातल्या एका स्तंभावर बोट ठेवलं. शाळेत जंतनाशक गोळी किती मुलांना मिळाली, त्याच्या टक्केवारीचा तो स्तंभ होता. सगळे आकडे नव्वदच्या वर.

"ही नोंद कोणी केली?"

"शिक्षकांनी."

"आणि मुलांनी गोळी गिळली हे कशावरून?"

हा प्रश्न आदल्या रात्रीच्या टाचणात नव्हता. त्याचं उत्तर मात्र मला माहीत होतं.

१० फेब्रुवारी २०१५. देशातला पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका अनुदानित शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. अल्बेंडॅझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या, सोबत नोंदीचा कागद. शिक्षकाने समोर उभं राहून गोळी चावून खायला लावायची, घरी द्यायची नाही, आजारी मुलाला द्यायची नाही, हे सगळं आम्हाला सांगितलेलं होतं. पण तो मंगळवार होता. चार मुलींनी "बाई, उपास आहे, घरी गेल्यावर खाते" म्हणून गोळ्या कागदात बांधून घेतल्या आणि मी घेऊ दिल्या. एका मुलाने तोंडातली गोळी जास्वंदीच्या आळ्यात थुंकली, ते मी खिडकीतून पाहिलं. नऊ मुलं गैरहजर होती. त्यांना नंतरच्या ठरलेल्या दिवशी द्यायची होती. पण चारच्या आत आकडा कळवायचा होता, आणि वरून निरोप आला की नोंद पूर्णच हवी. मी पटावरच्या बावन्नही नावांपुढे खूण केली. नऊपैकी पाच जणांना पुढे गोळी दिली. उरलेली चार मुलं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेली होती. ती त्या वर्षी परत आलीच नाहीत.

खूण करताना मला काही फार वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. कागदं अशीच भरायची असतात, असं धरूनच आम्ही चालत होतो.

मी त्या बाईंना सांगून टाकलं. म्हटलं, हे पोस्टर माझं नाही, पण मी अशा शाळेत होते आणि माझ्या वर्गाची शंभर टक्क्यांची नोंद खोटी होती. मला वाटलं, त्या भुवया उंचावतील. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "बावन्नपैकी खरे किती?" मी मोजलं. त्या दिवशी डोळ्यांसमोर गोळी खाल्लेली अडतीस. त्यांनी भागाकार केला. त्र्याहत्तर टक्के. शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना औषध मिळावं हे जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट असतं, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे कागदावर शंभर असलेला माझा वर्ग खरं तर रेषेच्या खाली होता. मग आणखी दोघं थांबले. उपासाचं मला तीनदा समजावून सांगावं लागलं. सुट्टीच्या, सणाच्या, उपासाच्या दिवसाचा औषधवाटपावर काय परिणाम होतो यावर त्यांची आपसात चर्चा जुंपली, आणि मी बाजूला सरकून मुलाची पेन्सिल शोधत बसले. हात थरथरत होते.

संध्याकाळी फोन लावायचं धैर्य होईना. मी दुसऱ्याच्या पोस्टरपुढे उभी राहून त्यातल्या एका स्तंभाखालची जमीनच काढून घेतली होती. ती मुलगी तिकडे रात्रीचे अकरा वाजले तरी जागी होती. मी सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

"ताई, हे तुम्ही तिथे सगळ्यांसमोर सांगितलंत?"

"हो गं."

"तो स्तंभ मी शाळांच्या रजिस्टरवरून घेतलाय. अंड्यांची मोजणी माझी आहे, ती पक्की आहे." पुन्हा थोडं थांबून म्हणाली, "दोन शाळांमध्ये गोळी नव्वद टक्के मुलांना मिळाली असं लिहिलंय आणि जंत तर तेवढेच सापडतात. गोळीचा असर कमी झाला की काय, म्हणून मी सहा महिने डोकं खाजवतेय."

मला एकदम हसू आलं आणि रडूही. पट्टीने हातावर मारून घ्यावंसं वाटलं. ती मात्र कामाला लागली होती. "ताई, शिक्षकांना भेटायला जायचं तर काय विचारू? नोंद खरी आहे का विचारलं तर सगळे होच म्हणतील."

म्हणतीलच. मीही म्हटलं असतं. मुलगा झोपल्यावर हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून, दार लोटून घेऊन, आम्ही दोघींनी रात्री उशिरापर्यंत प्रश्न तयार केले. ते मी तिला मराठीत लिहून दिले, शिक्षकांना झोंबणार नाहीत अशा बेताने. गोळ्या आल्या तो वार कुठला होता? वर्गात पिण्याचं पाणी होतं का? ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावं पटावर होती का? किती मुलांना गोळी दिली, हा प्रश्न आम्ही खोडून टाकला. त्या जागी लिहिलं, "दिवस संपल्यावर डब्यात किती गोळ्या उरल्या होत्या?"