बँकेला खरे कारण सांगा, तरच कार्डाचे पैसे परत मिळतील

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये नको ती रक्कम दिसली की आपण घाबरून बँकेला फोन लावतो आणि एकच वाक्य सांगतो, "फ्रॉड झालाय, पैसे परत करा." तक्रार इथेच कमकुवत होऊ शकते. बँकेच्या कामात प्रत्येक तक्रारीला एक ठरलेले कारण असते आणि त्या कारणाला एक कोड असतो. हे कोड काय आहेत, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगतो.

आपल्या तक्रारीवरून आपली बँक दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागते, त्याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदारालाही आपली बाजू मांडता येते. त्याने कोणता पुरावा द्यायचा, हे कोडवरून ठरते.

व्हिसाने या कारणांचे ४ गट केले आहेत. १० ने सुरू होणारे कोड फसवणुकीचे, ११ चे व्यवहाराच्या मंजुरीचे, १२ चे हिशेबातल्या चुकांचे आणि १३ चे ग्राहक-दुकानदार वादाचे. मास्टरकार्डचे आकडे वेगळे आहेत.

काही उदाहरणे पाहू. कार्ड आपल्याच खिशात आहे, पण कुणीतरी नंबर चोरून परदेशी वेबसाइटवर खरेदी केली, तर कोड १०.४. लग्नासाठी मागवलेले कपडे आलेच नाहीत, तर १३.१. आले, पण फाटके किंवा भलतेच निघाले, तर १३.३. दुकानदाराने रिफंड कबूल केला, पण जमा झाला नाही, तर १३.६. एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले, तर १२.६.

आता समजा, कपडे आले नाहीत म्हणून रागाच्या भरात आपण सांगितले, "हा व्यवहार मी केलाच नाही." बँक ते फसवणुकीत नोंदवणार. मग दिसणार की ओटीपी टाकलेला आहे आणि पत्ताही आपलाच आहे. तक्रार फेटाळली जाते आणि १३.१ ची जी तक्रार जिंकता आली असती, तिची मुदतही निघून जाऊ शकते. तसेच मुलाने अम्मीच्या फोनवर गेममध्ये पैसे उडवले असतील, तर ते चोराच्या नावावर घालू नका. गेम कंपनीकडे रिफंड मागा.

ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर चार्जबॅकची आशा कमी असते. तेव्हा लगेच कार्ड ब्लॉक करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. ४ ते ७ दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो. ओटीपी सांगण्यासारखा निष्काळजीपणा असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेखातर घरात गोष्ट दडवून ठेवू नका. उशीर जितका जास्त, तितके नुकसान जास्त.

तक्रार लेखी करा. तारीख, रक्कम आणि नेमके काय घडले, एवढे पुरे. सोबत ऑर्डरची पावती आणि दुकानदाराशी झालेले मेसेज जोडा. तक्रार क्रमांक घ्या आणि विचारा, "कोणत्या कारणाखाली नोंदवली?" कारण चुकीचे असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

कोड पाठ करायची गरज नाही, ते काम बँकेचे. आपले काम एवढेच, की जे घडले ते जसेच्या तसे सांगायचे आणि वेळेत सांगायचे.