फिटरला बोलण्याआधी रिपोर्ट फोडून बघा: वर्क ऑर्डर शीटमधले कॅल्क्युलेटेड फील्ड आणि फिल्टर

या आठवड्याचा व्हिडिओ वर्क ऑर्डर रिपोर्टवर आहे. व्हिडिओत स्क्रीनवर पटापट क्लिक होतात, त्यामुळे अनेकांचं म्हणणं होतं की नीट लिहून द्या. तर हे घ्या. व्हिडिओ पाहिला नसेल तरी अडणार नाही.

आधी हे कशासाठी, ते सांगतो. माझं बेअरिंग आणि बेल्टचं दुकान आहे. वाळूज एमआयडीसी, रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर भागातले छोटे वर्कशॉपवाले काउंटरवर येतात. महिनाअखेरीला एक वाक्य ठरलेलं असतं, "आमचा मेंटेनन्सवाला फार स्लो आहे, एका ब्रेकडाउनला पाच-पाच तास लावतो." आता हा पाच तासांचा आकडा आला कुठून? मशीन बंद पडल्यापासून चालू होईपर्यंतचा वेळ काढला, ब्रेकडाउनच्या संख्येने भागला, झालं. त्या एका आकड्यावर माणसाची पगारवाढ थांबते, कधी नोकरीही जाते. आणि नवा फिटर आला तरी पुढच्या महिन्यात आकडा तोच!

एक आकडा, तीन वेगळी कारणं

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत. एक सीएनसी लेथ, आठ तासांच्या दोन शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ४१६ तास मशीन चालायला हवं. महिन्यात ८ ब्रेकडाउन झाले, मशीन एकूण ४० तास बंद राहिलं. सरासरी ५ तास. इथपर्यंत मालक बरोबर.

आता तेच ४० तास फोडा. मशीन बंद पडल्यापासून फिटर मशीनवर येईपर्यंत ४ तास. स्पेअरची वाट बघण्यात २६ तास. प्रत्यक्ष हातात पाना घेऊन केलेलं काम १० तास. म्हणजे एका ब्रेकडाउनला फिटरचं काम सव्वा तासाचं! बाकीचा बहुतेक वेळ स्पेअर स्टोअरमध्ये नव्हता म्हणून गेला. आता सांगा, स्लो कोण आहे?

शीटमध्ये नोंदी कोणत्या हव्यात

कागदी जॉब कार्ड असेल तरी चालेल, पण त्यावर पाच वेळा लिहिलेल्या हव्यात: मशीन बंद, काम सुरू, स्पेअर मागितला, स्पेअर मिळाला, मशीन चालू. सोबत मशीन नंबर, कामाचा प्रकार आणि कारण. एवढं शीटमध्ये चढवलं की पुढचे कॉलम फॉर्म्युल्याने तयार होतात. हाताने काहीच भरायचं नाही:

१. एकूण बंद = मशीन चालू वजा मशीन बंद
२. फिटरची वाट = काम सुरू वजा मशीन बंद
३. स्पेअरची वाट = स्पेअर मिळाला वजा स्पेअर मागितला (स्पेअर लागलाच नसेल तर शून्य)
४. हातचं काम = एकूण बंद वजा फिटरची वाट वजा स्पेअरची वाट
५. नुकसान = एकूण बंद तास गुणिले त्या मशीनचा तासाचा दर

पाचवा कॉलम मालकांसाठी. दर ६०० रुपये धरला, तर वरच्या उदाहरणात नुसत्या स्पेअरच्या वाटेत २६ गुणिले ६००, म्हणजे १५,६०० रुपये गेले. आता तो बेल्ट किंवा बेअरिंग स्टोअरमध्ये ठेवायचा की नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मी दुकानदार आहे, मी तर ठेवाच म्हणणार! म्हणून माझं ऐकू नका, तुमच्या शीटचं ऐका.

वेळेच्या फॉर्म्युल्यात तीन ठिकाणी अडतं

पहिलं, एक्सेल एका दिवसाला १ मानतं. पावणेदोन तासांचं उत्तर ०.०७२९ असं दिसतं. त्याला २४ ने गुणा, १.७५ तास मिळतील.

दुसरं, नाइट शिफ्ट. मशीन रात्री ११:३० ला बंद पडलं आणि १:१५ ला चालू झालं. नुसत्या वेळा लिहिल्या असतील तर उत्तर मायनसमध्ये जातं आणि सेलमध्ये हॅशची रांग दिसते. सरळ उपाय म्हणजे तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये लिहा. जुना डेटा असेल तर मॉड फंक्शन वापरून १ ने भागल्यावरची बाकी घ्या, मग २४ ने गुणा. पण हा जुगाड २४ तासांच्या आतल्या कामालाच चालतो. मशीन दोन दिवस बंद असेल तर तारीख लागणारच.

तिसरं, अजून बंद न झालेली वर्क ऑर्डर. 'मशीन चालू'चा सेल रिकामा असताना वजाबाकी केली तर भलताच मोठा मायनस आकडा येतो. म्हणून आधी इफ लावा: सेल रिकामा असेल तर उत्तरही रिकामं.

पिव्हटमधला कॅल्क्युलेटेड फील्ड

इथे भले भले फसतात. दोन मशीन घ्या. पहिल्यावर २ ब्रेकडाउन, एकूण २० तास, सरासरी १०. दुसऱ्यावर १० ब्रेकडाउन, एकूण २० तास, सरासरी २. दोघांची मिळून सरासरी किती? पटकन सगळे ६ म्हणतात. खरं उत्तर आहे ४० भागिले १२, म्हणजे ३ तास २० मिनिटं. सरासरीची सरासरी काढायची नसते.

एक्सेलच्या पिव्हट टेबलमधला कॅल्क्युलेटेड फील्ड आधी बेरीज करतो, मग भागाकार. आपल्याला तेच हवं आहे. पण तो नोंदी मोजत नाही. म्हणून शीटमध्ये 'संख्या' नावाचा एक कॉलम करा. काम पूर्ण झालेल्या ब्रेकडाउनसमोर १, बाकी रिकामं. मग फील्डचा फॉर्म्युला: एकूण बंद भागिले संख्या. गूगल शीट्समध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड घेतल्यावर 'समराइज बाय'मध्ये 'कस्टम' निवडा आणि बेरजेला बेरजेने भागा.

अजून एक. ते ४१६ तास प्रत्येक ओळीत लिहू नका. पिव्हट ते आठ वेळा मिळवेल आणि ३,३२८ तास दाखवेल. महिन्यात तेवढे तास तरी असतात का? मशीनचे ठरलेले तास वेगळ्या छोट्या टेबलमध्ये ठेवा आणि खालचा हिशोब तिथेच करा.

एमटीबीएफ, म्हणजे दोन ब्रेकडाउनच्या मध्ये मशीन सरासरी किती चाललं: ४१६ वजा ४०, भागिले ८. उत्तर ४७ तास. एमटीटीआर आपण एकूण बंद वेळेवरून धरला, ५ तास. उपलब्धता म्हणजे ४७ भागिले ५२, साधारण ९०.४ टक्के. काही ठिकाणी एमटीटीआरमध्ये फक्त हातचं काम धरतात. तुम्ही काय धरलंय, ते रिपोर्टच्या वरच्या ओळीत लिहून टाका. नाहीतर दोन महिन्यांची तुलनाच होणार नाही.

फिल्टर लावताना

फिल्टर लावल्यावर खालची बेरीज बदलत नाही, अशी तक्रार नेहमी येते. सम फंक्शन लपलेल्या ओळीही मोजतं. तिथे सबटोटल वापरा, पहिला नंबर १०९ द्या. मग जेवढं दिसतंय तेवढ्याचीच बेरीज येईल.

कामाचा प्रकार ड्रॉपडाउनमधूनच निवडायला लावा: ब्रेकडाउन, ठरलेला मेंटेनन्स, सेटिंग, लाईट गेली. लाईट गेल्यामुळे मशीन थांबलं तर तो फिटरच्या नावावर ब्रेकडाउन नाही. कारणाचंही तसंच. एकाने 'बेरिंग' लिहिलं, दुसऱ्याने 'बेअरिंग', तर फिल्टरमध्ये ती दोन वेगळी कारणं होतात आणि खरं मोठं कारण यादीत खाली जातं.

महिन्याचा फिल्टर कोणत्या तारखेवर? मशीन ३० जुलैला बंद पडलं, २ ऑगस्टला चालू झालं. कोणत्याही एका तारखेवर धरा, पण दर महिन्याला तीच धरा. आणि उघड्या वर्क ऑर्डरचा फिल्टर वेगळा ठेवा. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त रखडलेलं मशीन नेमकं तिथेच सापडतं.

ऑडिटलाही हेच लागतं

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्लांट वाळूजमध्ये सुरू झाला आणि इथे वाहनांचे पार्ट बनवणाऱ्या व्हेंडरांची साखळी वाढत गेली. आज या साखळीत काम करायचं तर आयएटीएफ १६९४९ हे नाव ऐकावंच लागतं. २०१६ मध्ये आलेल्या या स्टँडर्डच्या ८.५.१.५ या कलमात मेंटेनन्सची उद्दिष्टं लेखी ठेवायला सांगितलंय, आणि उदाहरण म्हणून ओईई, एमटीबीएफ, एमटीटीआर हीच नावं दिलीत. म्हणजे ऑडिटर समोर बसल्यावर जे मागेल, ते याच शीटमधून निघतं. ऑडिटच्या आदल्या रात्री जागून आकडे जुळवायची वेळ येत नाही.

या आठवड्याचं काम

एकच मशीन घ्या, ज्याचा त्रास सगळ्यात जास्त आहे ते. मागच्या महिन्याची जॉब कार्डं काढा. स्पेअरच्या वेळा लिहिलेल्या नसतील तर फिटरला आणि स्टोअरवाल्याला सोबत बसवून जमतील तेवढ्या भरा. अंदाजाने भरलेल्या ओळीला रंग द्या, म्हणजे पुढे खरा आकडा समजून कोणी वापरणार नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र पाचही वेळा कार्डावर आल्याच पाहिजेत.

मग 'स्पेअरची वाट' मोठ्यापासून लहानाकडे लावा आणि वरच्या तीन ओळी बघा. पगारवाढीचा किंवा माणूस बदलायचा निर्णय घ्यायचा असेल तर त्या तीन ओळी वाचल्यावर घ्या. आणि जमलं तर तो रिपोर्ट फिटरलाही दाखवा. वेळ कुठे जातो हे त्याला बहुतेक आधीपासून माहीत असतं, आकड्यात मांडून मात्र कोणी विचारलेलं नसतं.

फॉर्म्युला कुठे अडला तर व्हिडिओखाली कमेंट करा, कोणता कॉलम आणि काय एरर येतोय ते लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!