डोळ्यांचे थेंब आणि न दिसणारी किंमत

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोळे येण्याची साथ महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा बुलढाणा, अकोला, अमरावती या वऱ्हाडी जिल्ह्यांत घरोघरी लाल डोळे दिसत होते. साथ बहुतांशी विषाणूची, म्हणजे आपोआप ओसरणारी. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याविना थेंब घालू नका, असे आरोग्य विभागास सांगावे लागले.

त्याचे कारण औषधाच्या दुकानात सापडते. ‘लाली लवकर जाईल असे काही द्या’ म्हटले की पुष्कळदा हाती पडते ती प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन यांच्या मिश्रणाची बाटली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याने लाली, खाज, सूज झपाट्याने उतरते व गिऱ्हाईक संतुष्ट होते. तथापि डोळ्यातील द्रव ज्या जाळीतून बाहेर झिरपतो, तिचा निचरा काही जणांत याच औषधाने मंदावतो आणि आतील दाब चढतो. अमेरिकेत आर्मली व बेकर यांनी 1960 च्या दशकात केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, काही आठवडे थेंब घातल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम, तर शंभरांत चार-सहा जणांत फार वाढतो. ते चार-सहा कोण, हे बाटली उघडताना कोणालाच ठाऊक नसते. औषध थांबविल्यास दाब बहुधा उतरतो. दृष्टीची सुकलेली नस मात्र पुन्हा जिवंत होत नाही. शिवाय हा काचबिंदू सहसा दुखत नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा 45 अंशांचा, धूळही भरपूर. मुलांच्या डोळ्यांची खाज दर हंगामात परतते आणि कोनाड्यातील बाटलीही दरवर्षी खाली उतरते. कडेची दृष्टी आधी जाते. मूल बाकांना अडखळू लागले की त्याला धांदरट ठरविले जाते.

वैद्यकसेवेच्या बाजारात ग्राहकास मालाची पारख नसते, हे केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 मध्येच दाखविले होते. येथे तर विक्रेत्याचा नफा आजचा, रुग्णाचे समाधान आजचे आणि हानी तेवढी उद्याची. स्टेरॉइड चिठ्ठीविना विकू नये, असे 1945 च्या औषध नियमांचे एच परिशिष्ट सांगते. पण एकटाच दुकानदार चिठ्ठी मागू लागला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणून तपासणी सर्वांवर सारखी हवी.

औषध स्वतः दोषी नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते उपयोगीच, आणि डॉक्टरांनी दिलेले मनाने बंद करणेही घातक. प्रश्न देखरेखीचा आहे. दाब मोजण्यास काही मिनिटे पुरतात. ही मोजणी तालुक्याच्या ठिकाणी खात्रीने मिळावयास हवी. धारणीहून अमरावती शंभराहून अधिक किलोमीटर आहे, आणि नुसत्या लाल डोळ्यासाठी मजुरी बुडवून कोणी तितके अंतर कापीत नाही.